मेंढरं धान्यावर बसवताना

रब्बीची ज्वारी घरात आली, कडब्याच्या गंजी लागल्या, की रानं मोकळी होतात आणि माळावरून मेंढरांचे वाडे उतरायला लागतात. फलटण, माण, खटाव, बारामती, पुरंदर या पट्ट्यात हा व्यवहार अजूनही बऱ्याच ठिकाणी धान्यावर होतो. धनगराची मेंढरं रात्री आपल्या रानात बसायची, लेंड्या आणि मूत रानाला मिळायचं, बदल्यात आपण ज्वारी-बाजरी मापून द्यायची. बलुतं मोडलं, सुतार-लोहार रोखीवर आले, पण हे टिकलं, आणि ते जुन्याच्या प्रेमापोटी टिकलेलं नाही. मार्चात शेतकऱ्याच्या घरी पोती असतात आणि खिसा रिकामा असतो. तेव्हाच ज्वारी विकावी तर सुगीचा पडलेला भाव पदरात पडतो. धनगराकडं खत रोज तयार होतं, पण ते त्याला साठवता येत नाही की पाठीवर वाहता येत नाही, आणि भाकरी तर रोज लागते. दोघांनाही बाजाराची वाट न बघता काम उरकता येतं.

बोलणी करण्याआधी आपण घरीच गणित मांडतो. आमचा हिशेब सोपा आहे: १०० मेंढरं, एक रात्र, एक गुंठा. एका मेंढराला बसायला दहा-अकरा चौरस फूट जागा लागते आणि गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १०० मेंढरं दाटीनं बसली की गुंठा भरतो. ४०० मेंढरांचा वाडा असेल तर रात्रीला चार गुंठे, एकराला दहा रात्री. वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, सैल लावून तोच वाडा सहा गुंठ्यांवर पसरवता येतो, पण मग खत पातळ पडतं. पुढं कोरडवाहू बाजरी घ्यायची असेल तर पातळच बरं. ऊस किंवा मका घ्यायचा असेल तर दाट.

एक मेंढरू रात्रभरात अदमासे तीनशे ते पाचशे ग्रॅम ओल्या लेंड्या टाकतं. दाट बसवलं तर एकरी दीड टनाच्या मागंपुढं ओलं खत झालं. उकिरड्याच्या खताच्या चार-पाच गाड्यांपुढं हे थोडं वाटतं, पण लेंडीखतात नत्र ३ टक्के, स्फुरद १ आणि पालाश २ असं धरतात, आणि शेणखतात नत्र अर्धा टक्का. शिवाय खरी कमाई मुताची. नत्र आणि पालाशाचा मोठा वाटा मुतात असतो. विकत आणलेल्या लेंडीखतात तो फारसा नसतो, कारण तो वाड्याच्या जमिनीतच जिरलेला असतो. म्हणून ट्रॉलीनं लेंड्या विकत आणणं आणि मेंढरं रानात बसवणं यांची बरोबरी होत नाही, ट्रॉली स्वस्त मिळाली तरी.

रान लहान असेल तर एकट्यानं वाडा बोलावू नये. पाच-सात गुंठ्यांसाठी बिऱ्हाड हलवायला कुणी येत नाही. शेजाऱ्यांनी मिळून बोलवायचं आणि रात्री गुंठ्यांवर वाटून घ्यायच्या. समजा तिघांची रानं २०, १२ आणि ८ गुंठे आहेत. ४०० मेंढरं रात्रीला चार गुंठे धरतात, म्हणजे ५, ३ आणि २ रात्री. धान्य १०० मेंढरांमागं रात्रीला दोन शेर ठरलं तर ४०० मेंढरांचे आठ शेर, म्हणजे दोन पायल्या. तिघांचा वाटा १०, ६ आणि ४ पायल्या. (दर फक्त हिशेबापुरता धरला आहे. खरा दर गावाचा, सालाचा आणि रानात काय चरायला शिल्लक आहे त्याचा असतो.) तिघांचं धान्य एकाच घरातून, एकाच मापानं जावं. तीन घरांची तीन मापं लागली की वाद ठरलेला.

बोलणी वाड्याच्या कारभाऱ्याशी करायची. वाड्यात दोन-चार किंवा जास्तही घरांची मेंढरं एकत्र असतात, आणि कुठं उतरायचं, किती मुक्काम करायचा हे कारभारी ठरवतो. त्याचा पहिला प्रश्न धान्याचा नसतोच. "मालक, पाणी किती लांब?" हा असतो. विहिरीला पाणी असेल आणि मोटर लावून हौद भरून देणार असाल, तर निम्मी बोलणी तिथंच होते. उन्हाळ्यात मेंढराला दिवसाला चार-पाच लिटर तरी पाणी लागतं, म्हणजे ४०० मेंढरांना रोज दोन हजार लिटर. पाण्याची सोय ही या व्यवहारातली न बोललेली किंमत आहे, आणि ती दरात धरली जाते. पाणी दोन-तीन किलोमीटरवर असेल तर कारभारी धान्य वाढवून मागतो, आणि त्याचं बरोबर आहे.

दुसरा प्रश्न रानात काय आहे याचा. ज्वारीचा पाला, हरभऱ्याचं भुसकट, कांद्याची पात, वेचून झालेली कपाशी हे सगळं मेंढरांचं खाणं, म्हणजे आपण देत असलेला आणखी एक माल. रान पाल्यानं भरलेलं असेल तर धान्य कमी ठरतं. काही भागांत तर उलटं चालतं. चराईसाठी मेंढपाळच शेतकऱ्याला पैसे मोजतो. कपाशीच्या रानात मेंढरं घालण्याचा शेतकऱ्याला वेगळा फायदाही आहे: झाडावर राहिलेली किडकी बोंडं ती खातात आणि त्यातल्या गुलाबी बोंडअळ्या पुढच्या हंगामापर्यंत तगत नाहीत. तेव्हा बोलणीला बसण्याआधी स्वतःचं रान एकदा चालून बघावं. आपण काय देतोय हेच आपल्याला माहीत नसेल तर सौदा तोट्यातच होणार.

आता मोजणी. भांडणं सगळ्यांत जास्त इथंच होतात. कागदावर ४०० ठरलेली मेंढरं पहिल्या रात्री ३४० भरतात, कारण गाभण आणि नुकती व्यालेली मेंढरं मागं ठेवलेली असतात, किंवा वाड्यातलं एक घर दुसऱ्या गावाला गेलेलं असतं. म्हणून मोजणी रानातच, पहिल्या संध्याकाळी. वाघरीला एकाच बाजूनं हातभर तोंड ठेवून मेंढरं एकेक-दोनदोन आत सोडायची, विसावर मोजायची आणि दर विसाला एक खडा बाजूला टाकायचा. पाच खडे झाले की शंभर. धनगराच्या मोजणीला शंका घेऊ नये. नुसत्या नजरेनं तो शंभरात एखाद-दुसऱ्याच्या फरकानं सांगतो. तरी दोघांनी मिळून मोजलेलं बरं. दूधपिती कोकरं मोजणीत धरत नाहीत. शेरडं मात्र धरतात, त्यांच्या लेंडीला दोष नाही. फक्त शेरडं पुढचे पाय टेकून शेवगा, बोर, डाळिंब ओरबाडतात, तेव्हा बांधावर कलमं असतील तर हे आधी बोलावं.

बसवण्याची जागा आपण दाखवायची. उताराचं रान असेल तर वरच्या अंगापासून सुरुवात करावी. पहिल्या पावसात विरघळलेलं खत आपसूक खाली येतं. खालून सुरू केलं आणि रात्री अपुऱ्या पडल्या, तर वरचा पट्टा उपाशी राहतो आणि खालच्याला दुप्पट मिळतं. वाघर रोज सकाळी काढून शेजारच्या पट्ट्यात लावायची. कालच्या पट्ट्याची कड ओळखू यावी म्हणून कोपऱ्याला दगड किंवा तुराटी रोवून ठेवावी, नाहीतर मध्ये हातभर रुंदीच्या कोऱ्या पट्ट्या राहतात आणि जुलैत त्या पिवळ्या रेषांसारख्या दुरून दिसतात. एकाच जागी दोन रात्री बसवू नये. तिथं पीक आधी काळंभोर होतं आणि पावसानं ताण दिला की सगळ्यांत आधी तिथलंच करपतं.

नांगरट करायची असेल तर मेंढरं येण्याआधी करावी आणि ढेकळं फोडून घ्यावीत. मोठ्या ढेकळांवर मेंढरं नीट बसत नाहीत, रात्रभर उठबस करतात, आणि वाघरीच्या खुंट्याही धरत नाहीत. खत पडल्यावर खोल नांगरट केली तर ते वीतभर खाली गाडलं जातं आणि बाजरीच्या रोपाच्या मुळांना वेळेवर सापडत नाही. ठिबकच्या नळ्या गुंडाळून घराकडं न्याव्यात. मेंढरं नळ्या खात नाहीत, पण खुरांनी तोट्या मोडतात आणि कोकरं चघळतात.

विषबाधेचं मात्र हलक्यात घेऊ नये, कारण त्यात मेंढरं दगावतात आणि नुकसान कुणी भरून देऊ शकत नाही. ज्वारी कापल्यावर खोडव्याला पाणी मिळालं, किंवा अवकाळी पाऊस झाला, की कोवळे फुटवे येतात. त्या फुटव्यांत विष असतं. भुकेली मेंढरं त्यावर पडली तर तासाभरात फुगून, धापा टाकून मरतात. असं रान असेल तर आधी सांगायचं आणि फुटवे कुळवून, वाळवून मगच मेंढरं सोडायची. कीटकनाशक फवारलेलं रान, युरिया विरघळवलेलं पिंप, उंदरांसाठी ठेवलेलं औषध, सगळं आधी दाखवायचं. आणि खळ्यावर धान्याची रास उघडी ठेवायची नाही. मेंढरानं पोटभर धान्य खाल्लं तर त्याच्या पोटात आंबून आम्ल होतं आणि ते वाचवणं अवघड. मजेची गोष्ट अशी की धन्याला मोजून देतो तेच धान्य मेंढराच्या जिवावर उठतं.

आपल्या घरी शेळ्या असतील तर कारभाऱ्याला पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्या-मेंढ्यांच्या रोगांच्या लसी कधी टोचल्या ते विचारावं. बहुतेक धनगर लसीच्या बाबतीत आपल्यापेक्षा जागे असतात. तरी वाडा असेपर्यंत आपल्या शेळ्या त्या रानात आणि त्या हौदावर सोडू नयेत.

रात्रीची राखण धनगराची. लांडगा या भागात आहे, आणि वाघर, कुत्री आणि जागता माणूस हीच त्यावरची तजवीज. आपण एवढं करायचं की गावातली मोकाट कुत्री तिकडं जाणार नाहीत हे पाहायचं, आणि वीज असेल तर एक दिवा लावून द्यायचा. वाटेत शेजाऱ्याच्या हिरव्या पिकात मेंढरं शिरली तर भरपाई कुणाची? आमच्याकडं मानतात ते असं: आपण दाखवलेल्या वाटेनं जाताना नुकसान झालं तर आपली, वाट सोडून गेली तर धनगराची. लेखी कुठं नसतं. पण पहिल्या दिवशी शेजाऱ्यासमोर कारभाऱ्याला वाट दाखवली की पुढची वादावादी टळते.

धान्य मापताना घाई करू नये. पहिल्या रात्रीचं धान्य पहिल्याच सकाळी द्यावं, तेवढ्यानं दोन्हीकडं विश्वास बसतो. बाकीचं निघायच्या आदल्या दिवशी. आधी माप ठरवायचं. चार शेरांची पायली सगळीकडं असली तरी शेर सगळीकडं सारखा नाही. कुठं पायलीत साडेतीन-चार किलो ज्वारी बसते, कुठं सातच्या आसपास. बाहेरच्या तालुक्यातला वाडा असेल तर त्याची पायली आणि आपली पायली एकच नसण्याची शक्यता धरूनच चालायचं. मग माप शिगेचं की सपाट? हाही प्रश्न बोलून घ्यायचा, कारण पायलीवरच्या शिगेत बरंच धान्य राहतं आणि दहा-वीस पायल्यांना तो फरक डोळ्यात भरतो. ज्वारी कोणती, हेही. मालदांडीची पायली आणि हायब्रीडची पायली भावानं सारखी नसते, आणि भाकरी कोणत्या ज्वारीची गोड लागते ते धनगराच्या घरची बाई हात घालून सांगते. धान्य उन्हात वाळवलेलं, पाखडलेलं द्यावं. देणं उरकण्यासाठी किडकं, हलकं धान्य देणारे आहेत. त्यांच्या रानात पुढच्या साली वाडा उतरत नाही आणि त्याचं कारण सगळ्या वाड्यांना ठाऊक असतं.

मापणी सुरू झाली की पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन... मापणारा तोंडानं आकडा घोळवत राहतो, म्हणजे मध्ये कुणी बोललं तरी मोजणी चुकत नाही. बाकीच्यांनी त्या वेळी गप्प बसावं.

आता किलोवर आणि फोनवरच्या पैशांवरही व्यवहार होतात, आणि काही वेळा ते दोघांनाही सोयीचं असतं. धान्याची खरी अडचण वजनाची. तीन-चार गावांचं धान्य साठलं की घोड्यावर बिऱ्हाड, कोकरं, वाघर आणि वर पोती एवढं बसत नाही. यावर दोन वाटा आहेत. एक, धान्य आपल्याच घरी ठेव म्हणून ठेवायचं आणि वाडा परतताना, किंवा धनगराच्या घरचं कुणी टेम्पो घेऊन आलं की, मापून न्यायचं. ठेवीच्या पोत्यावर नाव, पायल्या आणि धान्याची जात लिहून पोतं शिवून ठेवायचं. सुटं ठेवलं तर उंदरांचा वाटा कुणाच्या खाती घालायचा हा पेच येतो. दुसरी वाट म्हणजे निम्मं धान्य आणि निम्मे पैसे. तेव्हा पैशाचा भाव त्या आठवड्यातल्या बाजाराच्या भावावर ठरवावा, मनानं सांगितलेल्या भावावर नको. बोलणी पैशात करून शेवटी 'धान्य घ्या' म्हणणारे शेतकरी आणि बोलणी धान्यात करून शेवटी पैसे मागणारे कारभारी, दोघंही त्या दिवशीचा भाव बघून तसं करतात. पहिल्या दिवशी जे ठरलं त्यातच शेवट करायचा.

अवकाळी पाऊस आला तर काय, हे तर हटकून राहून जातं. काळ्या रानात चिखल झाला की मेंढरं तिथं बसवता येत नाहीत; खुरांना चिखल्या होतात आणि जमीनही तुडवून घट्ट बसते. त्या रात्री वाडा मुरमाड माळावर जातो. ती रात्र मोजायची नाही, पण मुक्काम एका रात्रीनं वाढवायचा, असं आधी ठरलेलं असावं. कारभाऱ्याला पुढच्या गावाचा शब्द गेलेला असतो, म्हणून हे दोन ओळींत का होईना, बोलून ठेवावं.

घाट उतरून कोकणात जाणाऱ्या वाड्यांचा हिशेब वेगळा. दिवाळीनंतर भातं कापून झाली की ते खाली उतरतात आणि मृगाआधी वर चढतात, कारण कोकणातला पाऊस दख्खनी मेंढराला सोसत नाही. तिकडं मोबदला भातात किंवा तांदळात, आणि तिथली चूक ठरलेली: 'दोन पायल्या' म्हटल्यावर भात की तांदूळ हे न बोलणं. भरडून तांदूळ केला की दोन पायली भाताची साधारण एक पायली होते, म्हणजे सरळ निम्म्याचा फरक. शिवाय रायगडकडं भातानंतर ओलीवर वाल पेरतात. वालाची खाचरं मोकळी होईपर्यंत तिकडं बसायला रान मिळत नाही. ज्यांच्या खाचरात मेंढरं बसतात त्यांना रोपांच्या जागेवर राब भाजायला, म्हणजे पालापाचोळा पसरून जाळायला, झाडांच्या फांद्या तोडाव्या लागत नाहीत, किंवा कमी लागतात.

वाडा उठल्यावर आळस करू नये. सकाळी त्या पट्ट्यावर नाकाला झोंबणारा वास येतो तो उडून चाललेला नत्र असतो. कडक उन्हात दोन-तीन दिवस तसंच ठेवलं तर मुताची कमाई हवेत जाते. बसून उठलेल्या पट्ट्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कुळवाची हलकी पाळी घालावी; दोन-तीन इंच माती वर आली की पुरे. दहा रात्रींचा मुक्काम असेल तर सगळं रान संपायची वाट न बघता मागून कुळवत यावं.

पहिल्या पिकाला युरियाचा पेरणीचा हप्ता आम्ही देत नाही. पीक महिन्याचं झालं की रंग बघून पुढचं ठरवतो. बाजरी, मका, ऊस या रानात खूश असतात. भुईमूग आणि हरभरा माजतात, नुसता पाला वाढतो. गहू आणि भात लोळतात. कांदा मोठा होतो पण चाळीत टिकत नाही. ही पिकं दुसऱ्या वर्षी घ्यावीत.

आणि तण. लेंडीबरोबर बाभळीचं आणि वेड्या बाभळीचं बी रानात येतं, कारण शेंगा मेंढरांच्या आवडीच्या आणि बी पोटातून शाबूत बाहेर पडतं. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी रानातून एक चक्कर मारली की रोपं दोन-चार पानांवर सापडतात आणि दोन बोटांनी उपटून येतात. तेव्हा राहिली तर श्रावणात खुरप्याला दाद देत नाहीत, कुदळच घ्यावी लागते.